चार गीतांचे मास्तर

शनिवारी दुपारी खोपोलीची गाडी कर्जतच्या फलाटाला लागली, की इकडे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये माझ्या कपाळाला आठी पडायची. त्या गाडीतून मास्तर उतरायचे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, काखेत छत्री, एका हातात गीतांचं फाटकं पुस्तक आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी एखादा दुधी नाहीतर वालाच्या शेंगा. दारात उभे राहून ते आधी दुधी पुढे करायचे आणि मग विचारायचे, "काय गं, या आठवड्याला कोण रडलं?"

बरी आहेस का नाही, पाणी दे नाही. कोण रडलं?

मी नगरकडची. लढाई सुरू होऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन कर्जतला आले. आमचे हे मालधक्क्यावर कारकून होते. माहेरी मी शाळेत पेटी शिकले होते, आणि ही बातमी माझ्या ट्रंकेच्याही आधी कर्जतला पोचली होती. स्टेशनपलीकडे, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर आमच्या ख्रिस्ती मंडळीचं एक कौलारू देऊळ होतं. तीस-चाळीस माणसं, बहुतेक रेल्वेतली, शिवाय एक नर्स, दोन शिक्षक, एक सुतार आणि त्यांची बिऱ्हाडं. पहिल्याच रविवारी मला पेटीवर बसवलं. उठून पळायचं ठरवलं असतं तर तेव्हाच पळायला हवं होतं.

रविवारच्या उपासनेला चार गीतं लागत. एक सुरुवातीला, एक उपदेशाआधी, एक उपदेशानंतर आणि एक शेवटी, घरी जाताना. ती चार गीतं निवडायचं काम मास्तरांचं. त्यांना ते कुणी दिलं, हे मंडळीत कुणालाच सांगता येत नव्हतं. पाळकसाहेब तेव्हा बाहेरगावाहून महिन्यातून एकदाच येत, बाकीचे रविवार मंडळी आपापलं चालवी. त्या मोकळ्या जागेत मास्तर केव्हातरी येऊन बसले आणि बसून राहिले. खालापूरजवळच्या एका खेड्यात त्यांचं घर होतं. जन्म आजूबाजूच्या खेड्यांत मुलांना शिकवण्यात गेला होता. वर्गात ते म्हणे अगदी पुस्तकी बोलत. माझ्या स्वयंपाकघरात मात्र घरचं बोलत. शनिवारी यायचे, आमच्याकडे मुक्काम करायचे, रविवारी उपासना झाली की परत खोपोलीची गाडी.

आणि स्वतः मास्तरांना सूर नव्हता. कमी होता असं नव्हे, नव्हताच. ते गायला लागले की पुढच्या बाकावरची तान्ही मुलं रडायची थांबून वळून बघायची.

गीतं निवडल्याशिवाय ते जेवत नसत. "पोट भरलं की सगळीच गाणी बरी वाटतात," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे लढाईच्या दिवसांत मिळालेल्या रेशनच्या जाड्या तांदळाचा भात मी वेळेवर करायचा, आणि तो गार होऊन त्याचे गठ्ठे होईपर्यंत मास्तरांनी विहिरीभोवती फेऱ्या मारायच्या. कारण बसून निवडलेलं गाणं त्यांना चालत नसे. "देवळात माणसं उभी ऱ्हाऊन म्हनतात ना? मग उभ्यानंच बघाया पायजे, धाप लागतीय का." असं म्हणून ते पुस्तक छातीशी धरून क्वार्टरमागच्या विहिरीला फेरे घालत आणि त्या भयंकर आवाजात एकेक गीत पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत. शेजारपाजारच्या बायका घागरी घेऊन दारातच थांबून राहत. मास्तरांचं झाल्याशिवाय पाणी भरायची सोय नव्हती.

फेरी मारून आले की उलटतपासणी. नर्सबाईंची आई कशी आहे? गार्डाच्या घरातलं भांडण मिटलं का? अमक्याची बदली झाली का? मी सांगत जायची आणि ते पुस्तकाची पानं उलटत जायचे. मला त्याचा फार राग यायचा. गीत देवासाठी म्हणायचं की गार्डाच्या भांडणासाठी? एकदा मी तसं बोलून दाखवलं.

"देवाला काय," मास्तर म्हणाले, "त्याला सगळी गाणी पाठ हायत. प्रश्न मानसांचा हाय."

एक बुकिंग क्लार्क होते. त्यांना एक विशिष्ट गीत अतोनात आवडे, आणि दर शनिवारी ते आमच्या दाराशी येऊन मास्तरांना त्याची आठवण करून देत. मास्तरांनी त्यांना सांगून टाकलं, "तुमाला ते महिन्यातून एकदा. जास्त झालं तर गुन नाय येणार." औषध असल्यासारखं. क्लार्कसाहेब तीन आठवडे देवळात तोंड फुगवून बसायचे आणि चौथ्या आठवड्याला इतक्या जोरात गायचे, की मला पेटीचा आवाज ऐकू येत नसे.

नाताळचं तर विचारू नका. डिसेंबर लागला की मुलं नाताळची गीतं गुणगुणायला लागत. मास्तर चोवीस तारखेपर्यंत एकही लावू देत नसत. "ज्याचा जन्म व्हायचा हाय त्याचं बारसं आदीच का?" सबंध महिना आम्ही पश्चात्तापाची गीतं म्हणत बसायचो, आणि मग पंचवीस तारखेला एकदम नऊ गीतं. माझी बोटं दुखून यायची.

पण मला खरा धक्का बसला तो ठकूबाईचा. ठकूबाई नदीपलीकडच्या दहिवलीहून दूध घालायला यायची. तिचा आमच्या देवळाशी काहीच संबंध नव्हता. तिचे देव तिच्या घरी. एका शनिवारी मी मागच्या दाराशी गेले तर ही विहिरीच्या कठड्यावर चरवी ठेवून बसलेली, आणि मास्तर तिच्यासमोर उभं राहून गीत म्हणतायत. म्हणून झालं आणि त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

ठकूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "गानं चांगलं हाय वो मास्तर. पन शेवटाला लांबलंय. तेच तेच सांगतंय."

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पाचव्या कडव्यावर फुली मारली.

"मास्तर!" मी म्हटलं. "आपल्या उपासनेतली कडवी दूधवाली ठरवणार?"

"कवापासून ठरवतीया," मास्तर शांतपणे म्हणाले. "तुला कळलं नाय इतकी वर्सं, म्हंजे बरोबरच ठरवतीया."

चिठ्ठी तयार झाली की मी चारही गीतं बसवायची. कपडे, भांडी, पाहुण्यांचं अंथरूण, सगळं सांभाळून बसवायची. आणि रविवारी सकाळी देवळाच्या पायरीवर मास्तर आत येणाऱ्या माणसांची तोंडं बघत उभे राहायचे, आणि उपासना सुरू व्हायला दोन मिनिटं असताना पेटीवर दुसरी चिठ्ठी आणून ठेवायचे. दोन गीतं बदललेली. कधी तीन. मी डोळे वटारले तर ते छताकडे बघत. घरी येऊन मी ह्यांना सांगायची, पुढच्या शनिवारी मास्तरांना दारात उभं करणार नाही. हे हसायचे. पुढच्या शनिवारी दुधी यायचा.

मास्तर गेले ते स्वातंत्र्यानंतरच्या उन्हाळ्यात. आम्ही मातीला गेलो तेव्हा त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेले. त्यांची बायको, एक लहानखुरी म्हातारी, माझा हात धरून बसली होती. मी तिला सांत्वन म्हणून म्हटलं, "घरातही सारखी गाणी चालू असतील ना, मावशी?"

"गानी?" ती म्हणाली. "घरात कुनी गुनगुनलं तरी खपायचं नाय त्यांना. डोकं दुखतंय म्हनायचे."

हे ऐकून मला हसावं की चिडावं कळेना. चौदा-पंधरा मैलांवरून येऊन माझ्या विहिरीभोवती गर्जना करणारा माणूस घरी शांतता पाळत होता!

एक प्रसंग मात्र असा आहे की त्याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मला मुलगी झाली आणि आठव्या दिवशी गेली. कार्तिक महिना होता. दोन रविवार मी देवळात गेले नाही. तिसऱ्या शनिवारी मास्तर आले. दारात त्यांनी काही विचारलं नाही, दुधी खाली ठेवला आणि थेट विहिरीकडे गेले. मी आत बसून ऐकत होते. मला वाटलं, एखादं धीराचं गीत निवडतील. मंडळीत कुणाच्या घरी मृत्यू झाला की म्हणायची तीन-चार ठरलेली गीतं होती. मास्तरांनी चिठ्ठी आणून दिली. पहिलंच गीत कापणीचं. शेत पिकलं, कोठारं भरली, आनंद करा. जलद लयीतलं, पेटीवर हात एक क्षण टेकू न देणारं.

मी चिठ्ठी त्यांच्यासमोर फाडली. चार तुकडे केले.

ओसरीवर बसून मास्तरांनी दुसरी चिठ्ठी लिहिली आणि माझ्यापुढे ठेवली. तीच चार गीतं, त्याच क्रमानं.

"तुम्हाला काळीज आहे का नाही?" मी ओरडले. हे आतून धावत आले. मास्तर मान खाली घालून भात खायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी ते गीत वाजवलं. रागानं वाजवलं. सुरांचा नुसता चेंदामेंदा केला. बोटं धावत होती, भाता ओढून खांदा भरून आला होता, आणि सबंध पाच कडवी मला दुसरं काही सुचू शकत नव्हतं. एकदा मान वर केली तेव्हा मास्तर पुस्तकात बघत नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. गीत संपलं आणि मला कळलं की मी रडले नाही. बाहेर जाऊन रडले.

पुढे दोन-तीन महिन्यांनी राग निवल्यावर मी त्यांना विचारलं, "मास्तर, त्या दिवशी कापणीचं गीत का लावलंत?"

"भात घरात आलं व्हतं," मास्तर म्हणाले. "मग दुसरं कुठलं लावनार?"

त्यापुढे अक्षर नाही. मी किती वेळा, किती तऱ्हांनी विचारलं, तरी भात घरात आलं होतं.

लढाई संपल्यावर आम्हाला कायमचे पाळक मिळाले. तरुण होते, शिकलेले, मनानं सरळ. आल्यावर महिन्याभरात त्यांनी मंडळीच्या पंचांची बैठक घेतली, पेटीवाली म्हणून मलाही बोलावलं, आणि म्हणाले, "गीतं उपदेशाशी जुळायला हवीत. मी महिन्याभराचे उपदेश आधी ठरवतो, तेव्हा गीतंही मीच ठरवत जाईन. मास्तरांनी आजवर पुष्कळ श्रम केले." सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली, आणि सर्वांत आधी डोलावली, हे सांगायला हवं.

काय सुख होतं ते! महिन्याची यादी सुवाच्य अक्षरात पेटीवर चिकटवलेली. गीतं बसवायला चार-चार दिवस. एक बदल नाही. विहिरीवर बायका पाणी भरायला लागल्या. ठकूबाईनं एकदा विचारलं, "मास्तरांनी गायचं सोडलं व्हय?" एवढंच.

काम काढून घेतलं तरी मास्तरांचा शनिवार काही सुटला नाही. ते येतच राहिले. दुधी ठेवायचे, ओसरीवर बसायचे, आणि आता निवडायचं काहीच नसल्यामुळे वेळेवर जेवायचे. "कोण रडलं" विचारायचे नाहीत. गप्प. ते गप्प बसलेले मास्तर मला बोलणाऱ्या मास्तरांपेक्षा जड व्हायला लागले. रविवारी देवळात पुढच्या बाकावर बसायचे आणि गीत सुरू झालं की पुस्तक मिटून ठेवायचे.

त्या वर्षी श्रावणात उल्हास नदीला मोठा पूर आला. पुरात वरून लाकडं वाहून येत, आणि लोक काठावरून दोर टाकून ती ओढत. आमच्या मंडळीतला सुतार, दाविद, चांगला ओंडका दिसला म्हणून कंबरभर पाण्यात उतरला. ओंडका फिरला आणि त्याला घेऊन गेला. दोन दिवसांनी खाली दूरवर तो सापडला. शुक्रवारी माती दिली. त्याची बायको शांताबाई तीस-बत्तीसची असेल.

रविवारी ती देवळात येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती आली. पांढरं लुगडं, दोन्ही बाजूंना नर्सबाई आणि गार्डाची बायको. तिसऱ्या बाकावर बसली.

पाळकसाहेबांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, चांगली केली. आणि मग म्हणाले, "आता आपण उभं राहून गीत म्हणू या." आणि यादीतला क्रमांक सांगितला.

मी यादीकडे बघितलं. महिन्यापूर्वी ठरवलेलं गीत. समुद्र खवळला आहे, लाटा नावेवर आदळतायत, पण प्रभूचा हात धरलेला माणूस बुडत नाही, असं ते गीत होतं. मी ते आठवडाभर बसवलं होतं, आणि बसवताना सबंध आठवडाभर माझ्याही डोक्यात काही आलं नव्हतं. ते आता आलं, पेटीचा भाता उघडल्यावर.

मी मास्तरांकडे बघितलं. इतकी वर्षं प्रत्येक रविवारी ह्या माणसानं ऐन वेळी लुडबुड केली होती. आता करा ना! आज करा! मास्तर मिटलेलं पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते, दगडासारखे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मंडळी उभी राहिली. पुस्तकं उघडली. शांताबाईनंही उघडलं, नर्सबाई तिला पान काढून देत होत्या.

मी दुसरंच गीत सुरू केलं. एक जुनं, दोनच कडव्यांचं प्रार्थनागीत. त्यात पाणी नव्हतं, नाव नव्हती, तीर नव्हता. नुसतं, जवळ राहा, एवढंच मागणं होतं.

पुस्तकांची पानं फडफडली. कुणी गाईना. पाळकसाहेब दोन पावलं माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "बाई, क्रमांक चुकला."

"नाही चुकला," मी म्हणाले, आणि वाजवत राहिले.

ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी आपल्या पुस्तकाकडे पाहिलं, यादीतल्या त्या गीताच्या ओळींकडे. त्यांचा चेहरा उतरला. पुस्तक मिटून त्यांनी मी वाजवत होते ते गीत तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. मागून मंडळी मिळाली. दोन कडवी झाली, मी भाता मिटला, आणि पुढच्या सबंध उपदेशातला मला एक शब्द ऐकू आला नाही.

उपासना संपल्यावर मास्तर पायरीवर छत्री उघडत उभे होते. मी जवळ गेले. आज तरी हा माणूस दोन शब्द बरे बोलेल, अशी माझी खात्री होती.

"तिला पोचत नव्हतं," मास्तर म्हणाले.

"कुणाला? काय?"

"शांताला. दुसऱ्या ओळीला तोंड उघडलं व्हतं तिनं. सूर गावला नाय, मग मिटलं. लय वर धरलास तू."

"मास्तर, सबंध देवळासमोर मी पाळकसाहेबांचं गीत बदललं. आणि तुम्ही मला पट्टी सांगताय? तुम्ही का नाही उठलात?"

"पेटी माझ्याकडं व्हती का?" मास्तर म्हणाले. मग छत्रीची काडी नीट करत पुढे म्हणाले, "गानं बरोबर काढलंस. पन सगळा वेळ तू पाळकाकडं बघत व्हतीस, रागावतो का काय म्हनून. तिच्याकडं बघायचं व्हतं गं."

आणि खोपोलीच्या गाडीसाठी ते चालायला लागले.

घरी येऊन मी भांडी इतकी आपटली की ह्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं नाही. काय सांगणार? म्हाताऱ्याचं खरं होतं. मी गीतभर पाळकसाहेबांचा चेहरा वाचत होते. तिसऱ्या बाकाकडे माझी नजर एकदाही गेली नव्हती.

मंगळवारी पाळकसाहेब घरी आले. ते रागावलेले नव्हते, ओशाळलेले होते. त्यांनी पेटीवरची यादी काढून घेतली आणि म्हणाले, "उपदेशानंतरचं एक गीत मी सांगेन. बाकीची तीन तुम्ही आणि मास्तर बघा."

शनिवारी गाडी आली. दुधी आला. "काय गं," दारातून आवाज आला, "या आठवड्याला कोण रडलं?" मी कपाळाला आठी घालून त्यांना आत घेतलं.

रविवारी शेवटचं गीत म्हणून मी पुन्हा तेच दोन कडव्यांचं घेतलं, दोन पट्ट्या खाली. पुरुषमंडळींना ते फार खाली गेलं, बुकिंग क्लार्क माझ्याकडे बघून मान हलवायला लागले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पाळकसाहेबांकडेही नाही. मी तिसऱ्या बाकाकडे बघत होते. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीला शांताबाईनं तोंड उघडलं. आवाज फुटका होता, अर्ध्यावर थांबला, पुन्हा निघाला, आणि ओळीच्या शेवटापर्यंत पोचला.

मास्तरांकडे मी मुद्दामच बघितलं नाही.